मावळच्या वाचनालयांत जगाचे साहित्य

देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंतच्या सार्वजनिक वाचनालयांत आधुनिक जागतिक साहित्यावर विनामूल्य परिसंवादमाला सुरू झाली पाहिजे आणि ती मागणी प्रथम आपल्या घरांतून उठली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे वाक्य वाचताच पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांस जाणीव आहे. पोराला नोकरी नाही, पावसाळ्यात घर गळते, एकेका दाखल्यासाठी कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात. अशा वेळी रशियाच्या आणि आफ्रिकेच्या कादंबऱ्या घेऊन आम्ही काय करावयाचे, असा प्रश्न आपण विचाराल. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे सरळ उत्तर देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

इ. स. १९२७ हे साल आपल्या घरातल्या लहान मुलासही ठाऊक आहे. त्या वर्षी २० मार्च रोजी बाबासाहेबांनी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच सुमारास, महाडपासून हजारो मैलांवर, अमेरिकेतील मेम्फिस शहरात रिचर्ड राइट नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण सार्वजनिक ग्रंथालयाच्या दाराशी अडला होता. ग्रंथालय सर्व लोकांचे म्हणविले जात असे; परंतु काळ्या माणसाला तेथून पुस्तक मिळत नसे. एका लेखकाची वर्तमानपत्रात झालेली निंदा राइटने वाचली होती आणि ज्याच्यावर गोरे लोक इतके संतापतात त्याने लिहिले तरी काय असेल, हे जाणण्याची त्याला तळमळ लागली होती. अखेर कामावरच्या एका गोऱ्या सहकाऱ्याचे ग्रंथालयपत्र त्याने मागून घेतले, त्या सहकाऱ्याच्या नावाने स्वतःच चिठ्ठी लिहिली आणि निरोप्याचे सोंग घेऊन तो आत गेला. ग्रंथपाल बाईंना संशय आला, तेव्हा आपल्याला वाचताच येत नाही असे खोटे सांगून त्याने पुस्तके मिळविली. हा प्रसंग त्याने १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्लॅक बॉय' या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.

वाचकहो, वाचता येत असूनही येत नाही असे सांगावे लागणे, याचा अर्थ आपल्याला कोणी समजावून देण्याची आवश्यकता आहे काय? जात लपवून भाड्याची खोली घेणारा माणूस आपल्यात होऊन गेला आहे. बाबुराव बागुलांनी १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव दिले ते काही हौसेने नव्हे. मेम्फिसचा तो तरुण आणि आपला तो पूर्वज एकमेकांना कधी भेटले नाहीत. त्यांची भेट घडवून आणण्याचे एकच ठिकाण आहे, ते म्हणजे पुस्तक. आणि ज्याच्या घरी पुस्तके विकत घेण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी ते ठिकाण म्हणजे सार्वजनिक वाचनालय.

वाचनालय हेही एक तळेच आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने राज्याच्या पैशाने चालणारी सार्वजनिक राबत्याची सर्व ठिकाणे प्रत्येक नागरिकास मोकळी केली. आज वाचनालयाच्या दारात कोणी आपली जात विचारून अडवील, तर तो कायद्याने गुन्हेगार ठरेल. अमेरिकेत हाच हक्क मिळविण्यासाठी १९६१ सालच्या २७ मार्चला टूगालू महाविद्यालयाचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी जॅक्सन शहरातील केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या ग्रंथालयात गेले, टेबलाशी बसले आणि शांतपणे वाचू लागले. पोलिसांनी त्यांना अटक केली. त्यांचा अपराध एवढाच, की त्यांनी पुस्तक उघडले. महाडच्या सत्याग्रहाशी या प्रसंगाचे नाते आम्ही सांगावयास नको.

परंतु तळ्याचा हक्क मिळणे आणि तळ्यावर जाऊन पाणी भरणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि १ मे १९६८ पासून तो अमलात आला. या कायद्याने ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर बसविला नाही. स्थानिक मंडळींनी वाचनालय चालवावे आणि शासनाने 'अ', 'ब', 'क', 'ड' असा वर्ग ठरवून त्याला अनुदान द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे वर्तमानपत्र वाचण्यास सहसा पैसा पडत नाही, पण पुस्तक घरी न्यावयाचे तर अनामत आणि महिन्याची वर्गणी भरावी लागते. रक्कम लहान असेल. मात्र ज्या घरात चार मुले वाचणारी आणि एक मिळवणारा आहे, तेथे लहान रकमेचाही हिशेब करावा लागतो. दार उघडे आहे, पण उंबरठा उंच आहे.

हा उंबरठा काढून टाकणे अशक्य आहे काय? बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांची योजना सुरू केली. गावाने एक वाटा उचलावा, प्रांत पंचायतीने एक आणि संस्थानाने एक, अशी तिची मांडणी होती. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठविली जात. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. एका तरुणाला परदेशी पाठविणारी आणि खेड्यातल्या शेतकऱ्याच्या हाती पुस्तक देणारी दृष्टी एकच होती. सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः विनामूल्य असावे, असे युनेस्कोचा ग्रंथालयविषयक जाहीरनामाही सांगतो. तेव्हा विनामूल्य हा शब्द उच्चारताना आपण भीक मागत आहोत, अशी भावना कोणीही बाळगू नये.

आता परिसंवादाचा विचार करू. पुस्तक हाती देऊन का भागत नाही? ज्या घरात तीन पिढ्या वाचन चालत आले आहे, तेथे मूल जेवताना पुस्तकाविषयी ऐकत असते. न समजलेले आजोबांना विचारते. आपल्या पुष्कळ घरांत पहिले पुस्तक आणणारे मूलच घरातील पहिले वाचक असते. त्याने शंका विचारावी कोणाला? एकट्याने दहा पाने वाचून त्याने पुस्तक मिटले, तर दोष त्याच्या बुद्धीचा नाही. सोबतीच्या अभावाचा आहे.

महाराष्ट्रात व्याख्यानमालांची परंपरा मोठी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. आपल्याकडेही एप्रिल महिन्यात फुले-आंबेडकर व्याख्यानमाला गावोगावी होतात. त्यांचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. परंतु तेथे एक बोलतो आणि पाचशे ऐकतात. शेवटी हार घातला जातो आणि सतरंज्या गुंडाळल्या जातात. परिसंवादाची रीत वेगळी आहे. तेथे वीस-पंचवीस माणसे गोल बसतात, सर्वांनी तीच तीस-चाळीस पाने वाचून आलेली असतात आणि प्रत्येकाला बोलावे लागते. कोणाचे मत मान्य नसेल, तर पुस्तकातील जागा दाखवून तसे सांगावे लागते. प्रमाण शोधून बोलण्याची ही सवय जिला लागली, ती मुलगी उद्या ग्रामसभेत आणि न्यायालयात गप्प बसणार नाही.

कोणती पुस्तके घ्यावीत, याविषयी आमची काही सूचना आहे. प्रथम मॅक्झिम गॉर्कीच्या आत्मकथेचे तीन भाग घ्यावेत. हा लेखक जोड्यांच्या दुकानात पोऱ्या होता, बोटीवर भांडी घासत होता, बेकरीत राबत होता. बोटीवरच्या स्वयंपाक्याने त्याच्या हाती पुस्तके दिली. काझान शहरात तो विद्यापीठाच्या आशेने गेला; विद्यापीठ लाभले नाही, तेव्हा ज्या जगाने त्याला शिकविले त्यालाच त्याने पुढे 'माझी विद्यापीठे' असे नाव दिले. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले आपले अण्णा भाऊ साठे गॉर्कीच्या साहित्याकडे ओढले गेले, १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिते झाले, यात नवल नाही. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे, हेही तरुणांनी ध्यानात ठेवावे.

दुसरे पुस्तक आपल्यासाठी विशेष अगत्याचे आहे. नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी १९५८ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाली. तीत इग्बो लोकांमधील 'ओसू' या बहिष्कृतांचे वर्णन आहे. हे लोक देवाला वाहिलेले. त्यांनी वेगळे राहावे, केस कापू नयेत, इतरांशी त्यांचा विवाह होऊ नये, असा दंडक होता. गावात नवा धर्म येतो, तेव्हा दोन ओसू त्या प्रार्थनामंदिरात येऊन बसतात. आधी धर्मांतर केलेले लोकच खवळून उठतात. पण तेथील उपदेशक ठाम राहतो आणि त्या दोघांना दास्याची खूण असलेले केस उतरविण्यास सांगतो. त्यानंतर त्या गावातले बहुतेक सर्व ओसू नव्या धर्मात येतात.

येथपर्यंत वाचून आपली छाती अभिमानाने भरून येईल. पण अचेबे यांनी आपल्याला इतक्या स्वस्तात सोडलेले नाही. १९६० साली आलेल्या 'नो लाँगर ॲट ईझ' या कादंबरीत पहिल्या कादंबरीतील नायकाचा मुलगा, जो बापाचा रोष पत्करून नव्या धर्मात गेला होता, तो म्हातारा झालेला दिसतो. त्याचा मुलगा विलायतेत शिकून येतो आणि क्लारा नावाच्या मुलीशी विवाह करू इच्छितो. क्लारा ओसू आहे. आयुष्यभर नव्या धर्माची शिकवण देत आलेला हा बाप आता लग्नाला नकार देतो आणि आई जीव देण्याची धमकी घालते. धर्म बदलला, प्रार्थना बदलली, नाव बदलले. सोयरीक मात्र जुन्याच कुंपणात राहिली.

नवदीक्षित बंधुभगिनींनो, हे पान वाचून मान खाली घालण्याची वेळ आपल्यातील किती घरांवर येईल? मुलीचे स्थळ पाहताना पोटजात विचारली जात नाही, असे किती जण शपथेवर सांगू शकतील? हा प्रश्न एखाद्या वक्त्याने व्यासपीठावरून विचारला, तर आपण त्याच्यावर रागावू. आफ्रिकेतील परक्या माणसाची कथा वाचता वाचता तोच प्रश्न आपला आपल्यालाच पडतो आणि रागवावयास समोर कोणी नसते. साहित्य हे काम करते. म्हणून ते आम्हांस हवे आहे.

चीनच्या लू शून यांची आ क्यूची कथाही याच मालेत असावी. १९२१-२२ सालच्या या कथेतला आ क्यू प्रत्येक वेळी मार खातो आणि मनातल्या मनात आपणच जिंकलो असे ठरवून समाधानाने झोपतो. घोषणा देऊन घरी परतल्यावर हक्काचा एक साधा अर्जही न लिहिणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी. टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' ही १९८७ सालची कादंबरी स्त्रियांनी आणि पुरुषांनी एकत्र बसून वाचावी. गुलामगिरीत परत जाण्यापेक्षा स्वतःच्या लेकराचा प्राण घेणाऱ्या मातेची ही कथा १८५६ सालच्या एका खऱ्या घटनेवरून सुचली होती. तिच्या शेजारी बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' ठेवावे. फलटणला छोटे दुकान चालवीत, घरच्यांपासून वह्या लपवून बेबीताईंनी लिहिले. जगातील कोणत्या लेखिकेपेक्षा त्यांचे धैर्य कमी होते?

जागतिक साहित्य म्हणजे परदेशी साहित्य, हा गैरसमज येथेच गळून पडतो. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली मराठीत आले आणि आज ते इंग्रजीतूनही वाचले जाते. म्हणजे आपण या परिसंवादाला केवळ घेण्यासाठी जाणार नाही. जगाने आपल्याकडून घेतलेले ओळखण्यासाठीही जाणार आहोत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की बाबासाहेबांचे ग्रंथ अजून वाचून झाले नाहीत, मग इतरांचे कशाला? शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड कित्येक विहारांच्या कपाटांत आहेत. कपाटाला काच आहे, काचेवर हार आहे आणि कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नाही. हे कुलूप प्रथम उघडले पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण ते ग्रंथ ज्याने उघडले, त्याला तेथे जगच भेटेल. महात्मा फुले यांनी तरुणपणी टॉमस पेन वाचला आणि १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागविली. पुढे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख त्यांनी आपल्या लेखकांना करून दिली. जगाचे वाचणे ही आपल्या चळवळीची वहिवाट आहे.

दुसरा आक्षेप भाषेचा. इंग्रजी येत नाही, हे कारण पुरेसे नाही. जेथे मराठी भाषांतर आहे तेथे ते घ्यावे. जेथे नाही तेथे एखाद्या शिक्षकाने किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्याने कथानक मराठीत सांगावे आणि निवडक पाने भाषांतर करून वाचून दाखवावीत. ज्या मुलाने आपल्या आईसाठी दहा पाने मराठीत आणली, त्याला इंग्रजी आणि मराठी या दोन्ही भाषा अधिक येऊ लागतील.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपली वस्ती लोहमार्गाच्या कडेने पसरलेली आहे. देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली, लोणावळा ही सारी ठिकाणे एका लोकल गाडीने जोडलेली आहेत. महिन्याला एक पुस्तक आणि प्रत्येक महिन्यास नवे स्थानक, अशी आखणी सहज होऊ शकेल. भातलावणीच्या दिवसांत शेतकरी कुटुंबांना सवड नसते, म्हणून माला नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ठेवावी. लोणावळ्यात रविवार हा विश्रांतीचा दिवस नाही. पर्यटकांची गर्दी त्याच दिवशी असते आणि हॉटेलांवर, चिक्कीच्या दुकानांवर, बंगल्यांच्या राखणीवर ज्यांचे पोट आहे त्यांना त्या दिवशी उसंत मिळत नाही. तेथे आठवड्याच्या मधल्या दिवशी बैठक घ्यावी. बैठकीची वेळ स्त्रियांना विचारून ठरवावी आणि लहान मुलांना सांभाळण्याची पाळी पुरुषांनी घ्यावी.

वाचनालयाकडे काय मागावयाचे, तेही निश्चित असावे. एक खोली, दोन तास, प्रत्येक पुस्तकाच्या पाच-सहा प्रती आणि त्या प्रती अनामत न घेता पंधरा दिवस घरी नेण्याची मुभा, एवढे पुरे आहे. ग्रंथखरेदीस साहाय्य करण्यासाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून अस्तित्वात आहे. शासन उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयांना जो पुरस्कार देते, तो बाबासाहेबांच्याच नावाचा आहे. ज्या वाचनालयाला त्या नावाचा पुरस्कार भूषण वाटतो, त्याला त्या नावाच्या माणसांची ही मागणी जड वाटू नये. आज अनेक ठिकाणी वाचनालयाची अभ्यासिका स्पर्धापरीक्षेच्या मुलांनी भरलेली असते. ती भरलेली असावीच. पण परीक्षेत जो उतरला नाही, त्याने काय त्या इमारतीकडे पाठ फिरवावी? त्याच्यासाठी शेजारची खोली उघडी असली पाहिजे.

मावळ हा आडरानातला मुलूख आहे, असे कोणी म्हटले तर त्याला कार्ल्याच्या लेण्यात न्यावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या चैत्यगृहात दात्यांची नावे आहेत. त्यांत यवन म्हणविणारे परदेशी आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे आणि दाराचे काम करणारा सामी नावाचा सुतारही आहे. तेथील भिक्षूंसाठी गाव दान देताना, ते चारी दिशांकडून येणाऱ्या संघासाठी आहे, असे शिलालेखात नमूद केले आहे. चारी दिशांचे स्वागत ज्या डोंगरावर झाले, त्याच्या पायथ्याच्या वाचनालयात एका दिशेचीच पुस्तके असावीत, हे शोभणारे नाही.

येत्या पौर्णिमेला आपण विहारात जमाल, तेव्हा वंदना झाल्यावर हा विषय काढा. त्याच ठिकाणी वाचनालयाच्या चिटणिसांच्या नावे अर्ज लिहा. अर्जाखाली पुरुषांइतक्याच स्त्रियांच्या सह्या घ्या. जिला अद्याप सही येत नाही, तिला त्या दिवशी ती शिकवा आणि मगच अर्ज नेऊन द्या.